चष्म्याचे भिंग कसे निवडावे?

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, १३ उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ वसलेले आहे. या स्थानामुळे वर्षातून दोनदा, २४ एप्रिल आणि १८ ऑगस्ट या तारखांच्या सुमारास, तेथे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. एप्रिलमधील त्या दिवशी शहराला उन्हाळा जाणवत असतो. ऑगस्टमध्ये मात्र हवा बहुधा गार असते आणि आकाशात ढगांची ये-जा चालू असते. घराबाहेर पडणारा मनुष्य एप्रिलमध्ये आठवणीने काळा चष्मा लावतो आणि ऑगस्टमध्ये तोच चष्मा खणात ठेवून देतो. सूर्याच्या उंचीचा विचार केला, तर हे दोन्ही दिवस सारखेच आहेत. फरक आहे तो त्वचेला जाणवणाऱ्या उष्णतेचा. आणि डोळ्यांना अपाय करणारे किरण उष्णतेवरून ओळखता येत नाहीत.

चष्म्याच्या भिंगांची निवड करताना ज्या चुका होतात, त्यांपैकी बहुतेक याच जातीच्या असतात. जे चटकन जाणवते त्यावरून, जे जाणवत नाही त्याचा अंदाज बांधला जातो. काचेचा गडदपणा डोळ्यांना दिसतो, पण अपायकारक किरण अडविण्याची तिची शक्ती दिसत नाही. भिंगाचा पातळपणा बोटांना कळतो, पण त्याचा मध्य बाहुलीसमोर आहे की नाही ते कळत नाही. किंमत तर सर्वांनाच कळते, आणि जास्त किमतीचे ते अधिक चांगले असा समज करून घेणे सोपे जाते. वस्तुतः योग्य भिंग ठरविण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे पुरेशी असतात. कोणत्या अंतरावर पाहायचे आहे? कोणत्या प्रकाशात पाहायचे आहे? आणि डोळ्यांना कोणत्या धोक्यापासून जपायचे आहे? या प्रश्नांची उत्तरे दुकानदाराजवळ नसतात. ती चष्मा लावणाऱ्याच्या रोजच्या जीवनात असतात.

एक जुने साधन

चष्मा युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस, इटलीमध्ये वापरात आला असे मानले जाते. भारतातील त्याच्या वापराचा एक फार जुना उल्लेख कर्नाटकाशी निगडित आहे. विजयनगरचे थोर माध्व आचार्य व्यासराय यांचे ‘व्यासयोगिचरितम्’ हे संस्कृत चरित्र सोमनाथ नावाच्या कवीने लिहिले. हा ग्रंथ १९२६ साली बंगळूरहून प्रसिद्ध झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा शोध घेताना या चरित्राकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सुमारे १५२० साली वृद्ध व्यासराय डोळ्यांपुढे भिंगे धरून ग्रंथ वाचत असत, असा निष्कर्ष त्यातील वर्णनावरून निघतो. पोर्तुगीजांबरोबर ही वस्तू या देशात आली असावी, असे दिसते.

या घटनेचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. दृष्टी वयोमानाने बदलली म्हणून त्या विद्वानाला ग्रंथांचा निरोप घ्यावा लागला नाही. चष्म्याचे खरे मोल येथे आहे. ते सौंदर्यप्रसाधन नाही आणि केवळ औषधही नाही. मनुष्याला त्याचे काम पुढे चालू ठेवता यावे, यासाठी असलेले ते एक साधन आहे. साधनाची निवड कामावरून करावयाची असते.

नंबर म्हणजे काय?

बोलीभाषेत ज्याला ‘नंबर’ म्हटले जाते, ती भिंगाची शक्ती होय. ती डायॉप्टर या एककात मोजतात. भिंगाचे नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन त्याने १ या संख्येस भागले असता डायॉप्टर मिळतात. समांतर येणारे किरण ५० सेंटीमीटर अंतरावर एकत्र आणणाऱ्या भिंगाची शक्ती २ डायॉप्टर असते. २५ सेंटीमीटरवर आणणाऱ्याची ४.

डोळ्याचा गोल प्रमाणाबाहेर लांब असला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते आणि दूरचे अंधुक दिसते. हा निकटदृष्टिदोष होय. त्यासाठी कडेला जाड व मध्ये पातळ असलेले, म्हणजे उणे शक्तीचे भिंग लागते. डोळ्याचा गोल आखूड असेल, तर अधिक शक्तीचे, मध्ये फुगीर असलेले भिंग द्यावे लागते. काही डोळ्यांत पुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते. अशा वेळी एका दिशेच्या रेषा स्पष्ट दिसतात आणि दुसऱ्या दिशेच्या पुसट होतात. चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ आणि ‘अक्ष’ या शीर्षकांखाली जे आकडे असतात, ते हा दोष किती आहे आणि कोणत्या कोनात आहे ते सांगतात. भिंग बसविताना हा कोन काही अंशांनी जरी चुकला, तरी नंबर बरोबर असूनही डोळ्यांना सुख वाटत नाही.

चौथा प्रकार दोष नसून वयाचा धर्म आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचीक असते आणि जवळ पाहताना अधिक फुगते. वयाच्या चाळिशीच्या सुमारास त्याची ही शक्ती इतकी उणावते की, वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते. मराठीत या वयाला ‘चाळिशी’ म्हणतात आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही ‘चाळिशी’च म्हणतात. लोकांनी अनुभवातून केलेले हे नामकरण शास्त्राला धरून आहे.

तथापि नंबर काढणे म्हणजे डोळ्यांची तपासणी करणे नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. काचबिंदूमध्ये मधली दृष्टी दीर्घकाळ शाबूत राहते. त्यामुळे तक्त्यावरील शेवटची ओळ वाचणाऱ्याचीही कडेची दृष्टी हळूहळू नष्ट होत असू शकते. मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारे परिणामही आरंभी जाणवत नाहीत. शिवाय रक्तातील साखर वरखाली होत असताना नंबर तात्पुरता बदलतो आणि त्या काळात केलेला चष्मा पुढे निरुपयोगी ठरतो. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर, आणि मधुमेह असल्यास दरवर्षी, नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा दाब व आतील पडदा तपासून घेणे हे भिंगाच्या निवडीपूर्वीचे पहिले पाऊल होय. बंगळुरात १८९६ साली सुरू झालेल्या मिंटो नेत्र रुग्णालयासारख्या सरकारी संस्था सर्वसामान्यांना या कामी उपयोगी पडत आल्या आहेत.

अंतराचा प्रश्न

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. समजा, पंचेचाळीस वर्षांची तीन माणसे बंगळुरात राहतात. एक स्त्री पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते. दुसरा मनुष्य रिक्षा चालवितो. तिसरा संगणकासमोर आठ तास बसतो. तिघांचेही दूरचे निर्दोष आहे आणि तिघांनाही चाळिशी लागली आहे. तिघांच्या तपासणीत समान आकडे निघाले, तरी तिघांना एकच चष्मा देणे शहाणपणाचे होणार नाही.

शिलाई करणाऱ्या स्त्रीची सुई डोळ्यांपासून सुमारे ४० सेंटीमीटरवर असते. त्या अंतरासाठी २.५ डायॉप्टर शक्ती लागते. तिचा काही भाग डोळा पुरवितो व उरलेला चष्म्याने पुरवावा लागतो. दिवसभर एकाच अंतरावर काम असल्याने तिला साधे, एका शक्तीचे भिंग सर्वांत उत्तम. ते स्वस्तही असते आणि त्यातून संपूर्ण काचेतून स्पष्ट दिसते. संगणकाचा पडदा याहून दूर, सुमारे ६० सेंटीमीटरवर असतो व त्यास साधारण १.७ डायॉप्टर पुरतात. वाचनाचा चष्मा लावून पडद्याकडे पाहणारा मनुष्य मान पुढे काढून बसतो आणि मानदुखीचे खापर खुर्चीवर फोडतो. त्याने तपासणीला जाताना आपल्या पडद्याचे अंतर फूटपट्टीने मोजून न्यावे. रिक्षाचालकाला रस्ता बिनचष्म्याने दिसतो. त्याला मीटर, मोबाइलवरील पत्ता आणि सुट्टे पैसे पाहण्यापुरती मदत हवी असते. वरचा भाग बिननंबरी आणि खाली लहानशी वाचनाची खिडकी असलेले दुहेरी भिंग त्याच्या कामाचे.

दुहेरी भिंगाची कल्पना बेंजामिन फ्रँकलिनच्या नावाशी जोडली जाते. १७८४ च्या पत्रात त्याने आपल्या अशा चष्म्याचा उल्लेख केला आहे. वरून खाली शक्ती क्रमाने वाढत जाणारे, मध्ये रेघ नसलेले भिंग फ्रान्समध्ये बर्नार मेतेनाझ याने विकसित केले आणि ते १९५९ साली बाजारात आले. हे भिंग दूर, मध्यम आणि जवळ अशा तिन्ही अंतरांसाठी चालते. परंतु त्याची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. मधला स्पष्ट पट्टा अरुंद असतो आणि दोन्ही बाजूंना प्रतिमा काहीशी वाकडी होते. खालच्या भागातून पायऱ्या किंवा बसचे पायदान धूसर दिसते. म्हणून नवीन वापर करणाऱ्याने पहिले काही दिवस जिना उतरताना हनुवटी खाली घ्यावी. ज्याचे दिवसाचे बरेच तास एकाच अंतरावर जातात, त्याने सर्वांत महागडे भिंग हेच सर्वांत सोयीचे असे समजू नये.

साध्या चाळिशीचे महत्त्व किती आहे, हे आसामच्या चहामळ्यांतील एका प्रयोगातून स्पष्ट झाले. चाळीस वर्षांवरील ७५१ कामगारांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करण्यात आली. एका गटाला जवळचे दिसण्याचा साधा चष्मा लगेच देण्यात आला व दुसऱ्याला प्रयोग संपल्यावर. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चष्मा मिळालेल्या गटाची पाने खुडण्याची क्षमता दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्के अधिक वाढली. यासाठी लेप नको, रंग नको, नामांकित चौकट नको. योग्य अंतराचे भिंग तेवढे हवे होते. बंगळूरच्या कारखान्यांत शिवणाऱ्या, विणणाऱ्या आणि सुटे भाग जुळविणाऱ्या हातांनाही हीच गोष्ट लागू पडते. नजर कमी झाली म्हणून ज्या स्त्रीला सुई सोडून कमी मजुरीचे काम घ्यावे लागते, तिचे कौशल्य संपलेले नसते. केवळ तिचा चष्मा झालेला नसतो.

तयार मिळणारा वाचनाचा चष्मा घ्यावा काय, असा प्रश्न या संदर्भात नेहमी विचारला जातो. दोन्ही डोळ्यांची शक्ती समान असेल आणि सिलिंडरचा दोष नसेल, तर असा चष्मा वापरण्यास हरकत नाही. मात्र तपासणी टाळण्याचे निमित्त म्हणून तो घेऊ नये.

मुलांच्या बाबतीत एक गैरसमज रूढ आहे. नंबर वाढू नये म्हणून मुद्दाम कमी शक्तीचे भिंग द्यावे, असे काहींना वाटते. प्रत्यक्ष प्रयोगांत याचा लाभ दिसून आला नाही. उलट मुलाला फळा नीट दिसत नाही, एवढेच घडते. मुलांनी दररोज काही काळ घराबाहेर, मोकळ्या उजेडात घालविणे हितकर असल्याचे मात्र आढळले आहे. निकटदृष्टिदोषाची वाढ मंदावणारी विशेष रचनेची भिंगेही आता उपलब्ध आहेत. ती नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावीत.

भिंग कशाचे असावे?

एके काळी भिंग म्हणजे काच असेच समीकरण होते. काच स्वच्छ असते, तिच्यावर ओरखडे सहसा पडत नाहीत. परंतु ती जड असते आणि फुटल्यास तिचे तुकडे डोळ्यात जाऊ शकतात. १९४० च्या सुमारास अमेरिकेत सीआर-३९ नावाचे कठीण प्लॅस्टिक तयार झाले. त्याचे वजन काचेच्या जवळजवळ निम्मे भरते. आज ज्याला साधे प्लॅस्टिकचे भिंग म्हणतात ते बहुधा हेच. त्यातून प्रतिमा अतिशय स्वच्छ दिसते. त्याचा वक्रीभवनांक सुमारे १.५ आहे.

पॉलिकार्बोनेटचा विशेष गुण म्हणजे आघात सोसण्याची त्याची शक्ती. चेंडू किंवा उडालेला खडा लागला तरी ते सहसा तडकत नाही, आणि रंगहीन असतानाही ते अतिनील किरण स्वतःच अडविते. प्रकाशाचे रंग काहीसे विभागण्याचा दोष त्यात आहे, त्यामुळे जास्त नंबर असल्यास कडेने पाहताना वस्तूंना रंगीत किनार दिसू शकते. एवढा दोष पत्करूनही मुलांसाठी, खेळाडूंसाठी आणि विशेषतः ज्यांची एकाच डोळ्याची दृष्टी शाबूत आहे अशांसाठी आघात सोसणारे भिंगच निवडले पाहिजे. उरलेल्या एका डोळ्याचे मोल कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही. लेथ वा ग्राइंडरवर काम करणाऱ्यांना मात्र नेहमीचा चष्मा पुरत नाही. बाजूने झाकलेला संरक्षक चष्माच त्यांनी वापरावा. दरवर्षी दिवाळीत फटाक्यांमुळे डोळ्यांना इजा झालेले लोक मिंटो रुग्णालयात आणले जातात. अशा वेळी फटाके उडविणाऱ्याइतकाच जवळ उभा राहून पाहणाराही धोक्यात असतो.

ज्यांचा नंबर मोठा आहे, त्यांना १.६, १.६७ किंवा १.७४ वक्रीभवनांकाची पातळ भिंगे सुचविली जातात. ही भिंगे खरोखरच पातळ असतात. परंतु भिंगाची कड किती जाड होईल, हे केवळ द्रव्यावर अवलंबून नसते. ते चौकटीच्या आकारावरही अवलंबून असते, आणि ही वाढ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. उणे ६ डायॉप्टरचे उदाहरण घेऊ. ६० मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या चौकटीत साधे प्लॅस्टिक घातले, तर त्याची कड मध्यापेक्षा सुमारे ५.४ मिलिमीटरने जाड होते. त्याच चौकटीत १.६७ चे महाग भिंग घातल्यास ही वाढ सुमारे ४ मिलिमीटर होते. आता चौकट ५० मिलिमीटर व्यासाची घेतली, तर साध्या प्लॅस्टिकचीच वाढ सुमारे ३.८ मिलिमीटर भरते. म्हणजे लहान, गोलसर चौकटीने महागड्या भिंगाचे काम परस्पर केले. चौकट आधी पसंत करून मग भिंगाचा विचार करणारा ग्राहक बहुधा दोनदा पैसे मोजतो.

मध्य आणि लेप

प्रत्येक भिंगाचा एक प्रकाशीय मध्य असतो. तो बाहुलीच्या समोर यावा लागतो. म्हणून चष्मा करण्यापूर्वी दोन बाहुल्यांमधील अंतर मोजणे अत्यावश्यक आहे. ४ डायॉप्टरच्या भिंगाचा मध्य ५ मिलिमीटरने सरकला, तर ते भिंग २ एककांच्या लोलकासारखे वागते आणि प्रतिमा बाजूला ढकलते. दोन्ही डोळे हा फरक जुळवून घेण्यासाठी अखंड धडपडतात. परिणामी डोके दुखते. नंबर बरोबर, काच उत्तम, तरीही चष्मा सोसवत नाही, अशी तक्रार असल्यास पुष्कळदा कारण येथे सापडते. शक्ती वाढत जाणाऱ्या भिंगात तर बाहुलीची उंचीही मोजावी लागते. हे मोजमाप करण्यासाठी लागणारी पाच मिनिटे ग्राहकाने आग्रहाने मागून घ्यावीत.

भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परावर्तित होतो. साध्या प्लॅस्टिकच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के आणि १.६७ च्या भिंगावरून सुमारे १२ टक्के प्रकाश अशा रीतीने वाया जातो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांची जी भुते काचेवर नाचताना दिसतात, ती या परावर्तनामुळेच. अतिशय पातळ थरांच्या लेपाने हे परावर्तन पुष्कळ कमी करता येते. हे तंत्र जर्मनीतील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली शोधले. रात्री वाहन चालविणाऱ्याला आणि पातळ भिंग घेणाऱ्याला हा लेप उपयोगी आहे. त्यावरील खर्च सार्थ ठरतो.

निळा प्रकाश गाळणाऱ्या भिंगांविषयी असे म्हणता येत नाही. संगणकावर काम करणाऱ्यांच्या या शहरात त्यांचा प्रचार मोठा आहे. परंतु १७ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२३ साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला, त्यात अशा भिंगांनी डोळ्यांचा थकवा साध्या भिंगांपेक्षा कमी होतो असे आढळले नाही. पडद्याकडे पाहताना मनुष्य पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. थोड्या थोड्या वेळाने दूर पाहणे, पापण्या मिटणे आणि पडद्याच्या अंतराला योग्य असा नंबर घेणे, हेच त्यावरील उपाय होत.

उन्हाचा चष्मा

आता बंगळूरच्या सूर्याकडे परत येऊ. अतिनील किरण दृश्य प्रकाशाच्या पलीकडचे, ४०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे असतात. ते दिसत नाहीत आणि उष्णही लागत नाहीत. दीर्घकाळ त्यांच्या संपर्कात आलेल्या डोळ्यांत मोतीबिंदूचा एक प्रकार आणि बुबुळाकडे सरकत जाणारी मांसल वाढ, म्हणजे वडस, यांचा संभव वाढतो. दर हजार मीटर उंचीमागे या किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. चेन्नई व बंगळूर ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. चेन्नईचा मनुष्य उकाड्याने हैराण होतो म्हणून उन्हाला भितो. बंगळूरचा मनुष्य गार वाऱ्यात निर्धास्त फिरतो. परंतु उंचीमुळे निरभ्र दिवशी त्याच्या डोळ्यांवर येणारे अतिनील किरण थोडे अधिकच असतात. विरळ ढगांतूनही त्यांचा मोठा भाग खाली पोहोचतो.

काळ्या काचेविषयीचा भ्रम येथेच दूर केला पाहिजे. काच गडद असणे आणि तिने अतिनील किरण अडविणे, हे दोन स्वतंत्र गुण आहेत. रंगहीन काच हे किरण पूर्णपणे अडवू शकते आणि गडद काच त्यांना आत सोडू शकते. गडद काचेमागे बाहुली मोठी होते. बाहुलीचा व्यास दुप्पट झाला, तर तिचे क्षेत्रफळ चौपट होते. मग अशी काच किरण अडवीत नसेल, तर तिच्यामागील डोळा उघड्या डोळ्याहूनही अधिक धोक्यात येऊ शकतो. कारण उघडा डोळा उन्हात निदान बारीक होतो, मिटतो, पापण्यांची सावली घेतो. म्हणून ‘४०० नॅनोमीटरपर्यंत संरक्षण’ या अर्थाची नोंद पाहून चष्मा घ्यावा आणि शंका असल्यास चष्म्याच्या दुकानातील मापनयंत्रावर भिंग तपासून घ्यावे. डोळ्यांनी पाहून हा निर्णय होत नाही.

गडदपणाची आंतरराष्ट्रीय प्रतवारी शून्य ते चार अशी आहे. दुसऱ्या प्रतीचे भिंग १८ ते ४३ टक्के, तिसऱ्या प्रतीचे ८ ते १८ टक्के आणि चौथ्या प्रतीचे केवळ ३ ते ८ टक्के प्रकाश आत येऊ देते. भर उन्हासाठी तिसरी प्रत पुरेशी असते. चौथी प्रत हिमाच्छादित पर्वतांसाठी आहे आणि ती लावून वाहन चालविणे निषिद्ध आहे. रंगांपैकी करडा रंग वस्तूंचे मूळ रंग फारसे बदलत नाही. तपकिरी रंगाने उठाव वाढतो. सिग्नलचे दिवे ओळखावे लागणाऱ्यांनी गडद निळ्या वा लाल काचा टाळाव्यात. रात्री पिवळ्या काचा लावल्याने अधिक चांगले दिसते हाही भ्रमच होय; कोणतीही रंगीत काच रात्री प्रकाश कमीच करते. काळा चष्मा कितीही गडद असला, तरी त्यातून सूर्याकडे किंवा सूर्यग्रहणाकडे कधीही पाहू नये.

चकाकीचा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि त्याच्या उत्तराशी बंगळूरच्या एका थोर रहिवाशाचे नाव जोडता येते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ जहाजाने परतत होते. समुद्राची निळाई म्हणजे पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब, असे तेव्हा मानले जाई. रामन यांनी निकोल लोलकातून, विशिष्ट कोनात, समुद्राकडे पाहिले. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बहुतांशी आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो. लोलक योग्य रीतीने फिरविताच ती चकाकी विझली आणि पाण्याच्या अंतर्भागातून येणारा निळा रंग अधिकच खुलून दिसला. पुढे १९३३ साली रामन बंगळुरात आले आणि १९४८ साली त्यांनी तेथे आपली संशोधन संस्था स्थापन केली. उत्तरायुष्यात दृष्टी व रंग हेच त्यांच्या अभ्यासाचे विषय होते आणि १९६८ साली त्यांचा दृष्टीच्या शरीरक्रियेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ध्रुवक चष्मा नेमके तेच करतो. त्याची भिंगे आडवा ध्रुवित प्रकाश अडवितात आणि उभा आत सोडतात. अवकाळी पावसानंतर ऊन पडले की ओला डांबरी रस्ता आरशासारखा चमकतो. त्या वेळी दुचाकी चालविणाऱ्याला खड्डा दिसावा, यासाठी हे भिंग उपयोगी पडते. मात्र ध्रुवण म्हणजे अतिनील संरक्षण नव्हे; त्याची नोंद स्वतंत्रपणे पाहावी लागते. शिवाय मोबाइलचे वा वाहनातील काही पडदे अशा भिंगातून विशिष्ट कोनात काळे दिसतात. हीच त्याची घरगुती परीक्षाही आहे. भिंग पडद्यासमोर धरून हळूहळू फिरविले असता अंधार-उजेड होत असेल, तर भिंग ध्रुवक आहे असे समजावे.

उन्हात आपोआप गडद होणारी भिंगे १९६० नंतरच्या दशकात प्रथम काचेत आणि पुढे प्लॅस्टिकमध्ये आली. घरात व बाहेर सारखी ये-जा करणाऱ्याला ती सोयीची आहेत. पण त्यांची क्रिया मुख्यतः अतिनील किरणांवर चालते. मोटारीची पुढची काच हे किरण बरेचसे अडविते, म्हणून गाडीत ही भिंगे पुरेशी गडद होत नाहीत. थंड हवेत ती अधिक गडद होतात आणि कडक उन्हाळ्यात कमी. त्यामुळे बंगळुरात समाधान देणारा असा चष्मा मे महिन्यात नागपूरला नेल्यावर फिका पडला, तर त्यात भिंगाचा दोष नाही.

निवडीचा क्रम

या विवेचनावरून निवडीचा एक सरळ क्रम हाती येतो. प्रथम डोळ्यांची संपूर्ण तपासणी. मग दिवसाचे अधिक तास कोणत्या अंतरावर जातात याचा विचार आणि त्यानुसार भिंगाची रचना. त्यानंतर धोक्याचा विचार आणि त्यानुसार द्रव्य. मग नंबराला शोभेल एवढीच चौकट. त्यानंतर अचूक मोजमाप, आणि सर्वांत शेवटी लेप व रंग. दुकानात हाच क्रम बहुधा उलटा चालतो. आरशासमोर चौकटीने सुरुवात होते आणि तपासणी घाईत उरकली जाते.

चष्मा हाती आल्यावर तो सेंटीमीटरभर उजवीकडे-डावीकडे हलवून पाहू नये. तो डोळ्यांवर चढवून नेहमीचे काम करून पाहावे. शिवणाऱ्या व्यक्तीने सुईत दोरा ओवून पाहावा, वाहन चालविणाऱ्याने दुकानाबाहेर येऊन बसवरील पाटी वाचावी, संगणकावर काम करणाऱ्याने आपल्या पडद्याच्या अंतरावर धरलेला मजकूर वाचावा. नव्या चष्म्याची सवय होण्यास काही दिवस लागतात. परंतु एक-दोन आठवड्यांनंतरही डोके दुखत असेल किंवा जमीन उंच-सखल भासत असेल, तर सवयीची वाट पाहत बसू नये. चिठ्ठी आणि चष्मा घेऊन दुकानात परत जावे आणि शक्ती, अक्ष व मध्य पुन्हा तपासून मागावेत. तो ग्राहकाचा हक्क आहे.

उन्हाच्या चष्म्यासंबंधी एवढेच सांगणे पुरे की, तो ऋतू पाहून नव्हे, तर सूर्याची उंची पाहून वापरावा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, म्हणजे सूर्य वर चढला आहे आणि डोळ्यांना आडोसा हवा आहे असे समजावे. हवा गार असो की उष्ण, सावलीची ही खूण फसवीत नाही.